मराठी कादंबरीत 'दुसरी संधी' कुणाला मिळते?

पुस्तकांच्या रील्स बघत असाल तर हा साचा तुम्हाला पाठ असेल. आयुष्यात एकटं पडलेलं कुणीतरी, चार अनोळखी माणसांशी दोस्ती, थोडं प्रेम आणि सगळं पुन्हा नव्याने सुरू. जपानी लेखक तोशिकाझु कावागुची यांच्या कॅफेत कॉफी थंड होईपर्यंत भूतकाळात जाऊन येता येतं. स्वीडनच्या फ्रेड्रिक बॅकमन यांचा खडूस म्हातारा ऊवे बायको गेल्यावर जगायला नको म्हणतो आणि शेजारीच त्याला जगायला लावतात. मनाला ऊब देणाऱ्या या कादंबऱ्या जगभर खपतात.

मराठीत असं काही आहे का? आहे, आणि ते कादंबरीच्या जन्मापासून आहे. फक्त आपल्याकडे दुसरी संधी ही कॅफेत मिळणारी गोष्ट नव्हती. तिच्यासाठी आधी कायदा करावा लागला.

त्याच्याही आधीची एक गोष्ट नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला ठाऊक आहे. रेणुका पाण्याला गेली, तिथे जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथाकडे तिचं क्षणभर लक्ष गेलं. जमदग्नींच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचं शिर उडवलं. वडील प्रसन्न झाले तेव्हा त्याने मागितलं, आई जिवंत होऊ दे आणि तिला यातलं काहीही आठवू नये. माहूर गडावर आजही देवीचं फक्त मुख पुजलं जातं. कथा भक्तीची आहेच, पण वाचक म्हणून एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. बाईला दुसरं आयुष्य मिळालं ते दुसऱ्या कुणीतरी मागितलं म्हणून.

पहिलीच कादंबरी पुनर्विवाहाची

1856 मध्ये हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, 1857 मध्ये, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. यमुना नवऱ्यासोबत प्रवासाला निघते आणि वाटेत तिला ठिकठिकाणी विधवा भेटतात. प्रत्येकीची कहाणी वेगळी, हाल मात्र सारखेच. पुढे यमुनाचा नवराही जातो. ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

पदमनजी स्वतः धर्मांतर करून ख्रिस्ती झाले होते, त्यामुळे पुस्तकात धर्मप्रचार भरपूर आहे. आज वाचताना ती पानं जड जातात. तरीही नायिकेचं दुसरं लग्न आणि नंतरचा सुखाचा संसार दाखवून संपणारी गोष्ट 1857 सालची आहे, हे लक्षात घ्या.

गंमत म्हणजे तेहेतीस वर्षांनी आलेल्या नायिकेचं नावही यमुनाच. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः छापली जाऊ लागली. यातली यमू स्वतः आपली गोष्ट सांगते. तिचा नवरा समजूतदार आहे, तिला शिकवतो, दोघांचा मुंबईतला संसार वाचताना खरंच छान वाटतं. दुर्गी नावाची तिची मैत्रीण आहे. मराठीत दोन मुलींची मैत्री इतक्या आपुलकीने त्याआधी क्वचितच आली असेल. मग नवरा जातो, यमूचं जबरदस्तीने केशवपन होतं आणि पुढे काहीच उरत नाही. कायदा होऊन तीन दशकं उलटली होती, तरी यमूला संधी नव्हती. मला विचाराल तर आपट्यांनी शेवट गोड केला नाही म्हणूनच ती गोष्ट टिकली.

प्रत्यक्षात एकीला ती मिळाली. याच काळात, 1893 मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकत होत्या. आनंदीबाई कर्वे म्हणून पुढे त्यांनी 'माझे पुराण' हे आत्मचरित्र सांगितलं. ही कादंबरी नाही, पण या यादीत सगळ्यात हसवणारं आणि धीर देणारं पुस्तक हेच निघेल.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने केला तो मे 2022 मध्ये.

घटस्फोट, कट्टा आणि शाळा

विधवेनंतर प्रश्न आला नवरा जिवंत असलेल्या बाईचा. 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने मालतीबाई बेडेकर लिहीत. त्यांच्या 'हिंदोळ्यावर' (1934) मधली अचला नवऱ्यापासून वेगळी झालेली आहे आणि तिला पुन्हा प्रेम हवंय. तेव्हा हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोटच नव्हता. मुंबई प्रांतात तो 1947 मध्ये आला, देशभर 1955 मध्ये. कादंबरीवर तेव्हा वादळ उठलं, यात नवल नाही.

मैत्रीच्या कादंबऱ्या सगळ्यांच्या ओळखीच्या. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' 2013 च्या सिनेमामुळे पुन्हा घराघरांत गेली. लोकांना कट्टा आणि दिग्या आठवतो. मला जास्त लागतो तो बारमध्ये बसणारा एम. के. श्रोत्री, ज्याचं जुनं प्रेम परत येत नाही. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त (2004) आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग आहे, मुकुंदला शिरोडकर आवडते, आणि ती निघून जाते. दोन्ही पुस्तकं हसवतात, दोन्हींत हातातलं निसटतं.

मराठवाड्यातली ऊब

लातूरकडच्या रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (1971) एका शिंपी कुटुंबाच्या वाताहतीची गोष्ट आहे आणि ती सांगते घरची बाई, पार्बती. तुळजापूरचे देवीदास सौदागर स्वतः शिवणकाम करत. त्यांच्या 'उसवण'ला 2024 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. तिच्यातही शिंपीच आहे, आणि रेडिमेड कपड्यांमुळे त्याचा धंदा बसत चाललाय. या दोन पुस्तकांना 'फील-गुड' म्हणता येणार नाही. पण नवरा-बायकोने तुटपुंज्या पैशांत एकमेकांना धरून राहणं वाचायचं असेल तर ते इथे आहे, आणि दुसरी संधी म्हणजे इथे दुसरं प्रेम नसतं, दुसरं काम असतं.

सुरुवात कुठून करायची? हलकं हवं असेल तर 'शाळा', बोलीभाषेची गोडी असेल तर 'पाचोळा'. पदमनजी आणि आपटे यांची पुस्तकं तर स्वामित्वहक्कातून कधीच मोकळी झाली आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी तो हक्क संपतो, आणि आपटे 1919 मध्ये गेले. दोन्ही यमुना एकापाठोपाठ एक वाचा, आधी 1857 ची, मग आपट्यांची.