वाकणारी दांडी आणि नटाचा पाव फेरा

तार सुरात यायची तर ती ताणावी लागते, आणि ताणलेली तार तिला धरून ठेवणाऱ्या लाकडालाच वाकवू पाहते. तारेचे प्रत्येक वाद्य या ओढाताणीवर उभे असते. पावसाळा संपता संपता शेजारचा अकरावीतला एक विद्यार्थी आपली इलेक्ट्रिक गिटार घेऊन शाहूपुरीतल्या आमच्या घरी आला. तारा इतक्या उचलल्या गेल्या होत्या की त्या दाबताना बोटे दुखत. दांडीच्या टोकाकडील छोटे झाकण काढून आतला पितळी नट त्याने पकडीने फिरवून पाहिला होता. नट हलला नव्हता, पण त्याच्या कडा झिजू लागल्या होत्या. आणखी जोर लावला असता तर एक तर नट गेला असता, नाही तर दांडी. दुसरी गिटार घरून मिळणार नव्हती.

नटाला हात लावण्यापूर्वी तो तेथे आला कसा, हे आपण पाहू.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. शाहूपुरीला लागून असलेल्या स्टेशनवर गाडीत बसले की सुमारे तासाभरात मिरज येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार बंधूंनी तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली. हत्यारांची मागणी ओसरत होती आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत गाणे वाढत होते. मिरजेची सतार आणि तानपुरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीच्या दांडीत लोखंडी गज नसतो. सारी भिस्त मुरलेल्या लाकडावर आणि कारागिराच्या नजरेवर. शिवाय सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर किंचित हलला तर पडदा सरकवून तो जागेवर आणता येतो. तानपुऱ्याला तर पडदेच नाहीत.

गिटारला ही सवलत नाही. तिचे धातूचे पडदे पट्टीत ठोकून कायमचे बसवलेले असतात. दांडी बारीक आणि तारा पोलादी. सहा तारांचा मिळून ताण साधारण ४५ किलो वजनाइतका भरतो. आपल्या बाजारातला तीस किलोचा गुळाचा दीड रवा रात्रंदिवस टांगून ठेवावा, तितका. पावसाळ्यात दारे जशी फुगून अडकतात, तसे दांडीचे लाकूडही ओल घेते आणि आपला आकार बदलते.

यावर अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कलामाझू गावी गिब्सन कंपनीत उपाय निघाला. तेथील थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली दांडीत बसवायच्या पोलादी गजाचे पेटंट मिळाले. हा गज ‘ट्रस रॉड’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या एका टोकाला आटे आणि त्यावर नट असतो. लिओ फेंडर यांनी १९५० साली कॅलिफोर्नियात भरीव इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणल्या. मेपलचे लाकूड कणखर असल्याने गज लागणार नाही, असा त्यांचा समज होता. दांड्या वाकू लागल्या आणि त्याच वर्षी त्यांनाही गज घालावा लागला.

गजाचे काम सोपे आहे. तो दांडीच्या मध्यावर पाठीच्या बाजूला झुकलेला असतो. नट आवळला की गज ताणला जातो, सरळ होऊ पाहतो आणि दांडीचा मध्य तारांच्या दिशेने ढकलतो. तारा दांडीला पुढे वाकवतात, गज मागे. फ्रेसिने यांनी १९२८ साली पेटंट घेतलेल्या पूर्वताणित काँक्रीटमागे हेच तत्त्व आहे: पुढे येणाऱ्या भाराला उलटा ताण आधीच देऊन ठेवायचा.

आता नटाकडे वळू. प्रथम सर्व तारा सैल केल्या, म्हणजे गजावरचा भार हलका झाला. मग बरोबर मापाचा बॉक्स पाना घेतला. येथे इंचाचे माप आणि मिलिमीटरचे माप यांत गल्लत होते. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, अशा खाचेत ३ मिलिमीटरची किल्ली बसते खरी, पण कडा खाऊन टाकते. पाना घट्ट बसल्यावर नट घड्याळाच्या उलट दिशेने पाव पाव फेरा सोडवत, फेरे मोजत काढला. (काही गिटारींत दोन्ही दिशांना काम करणारा गज असतो. त्याचा नट गजालाच जोडलेला असतो. तो काढण्याचा प्रयत्न करू नये.) आटे कोरड्या ब्रशने झाडले आणि लाकडाला न लागेल असा पातळ तेलाचा एक थेंब दिला. नवा नट आणि वॉशर बसवताना आधी बोटांनीच फिरवले, म्हणजे आटे तिरके चढत नाहीत. जरा अटकाव जाणवताच थांबलो.

पुढचे काम तारा पुन्हा सुरात लावून करायचे. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जेथे धडाला मिळते तेथील पडद्यावर एकाच वेळी दाबावी. ताणलेली तार म्हणजे आयती सरळ पट्टी. सातव्या-आठव्या पडद्याशी तिच्याखाली ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट असावी. स्पार्क प्लगसाठी गॅरेजात असते त्या फीलर गेजने ती मोजता येते. फट जास्त असेल तर तारा थोड्या सैल करून नट पाव फेरा आवळावा, सूर लावून पुन्हा मोजावे आणि एक दिवस थांबावे, कारण लाकूड सावकाश बसते. नट अडला तर जोर लावू नये. आतला गज तुटला तर तो काढण्यासाठी वरची पट्टीच उखडावी लागते.

आम्हाला तीन दिवसांत मिळून पाऊण फेरा लागला. फट ०.२५ मिलिमीटरवर आली.

हे वर्गात दाखवायला गिटार नको. पातळ लाकडी फूटपट्टीच्या टोकांना एका बाजूने दोरा ताणून बांधा. ती धनुष्यासारखी वाकेल. दुसऱ्या बाजूने दुहेरी दोरा बांधून त्याखाली मध्यावर पेन्सिलीचा तुकडा ठेवा आणि दोऱ्यात काडी घालून पीळ देत जा. पट्टी सरळ होईल. पीळ देतच राहिलात तर ती उलटी वाकेल. नेमके कुठे थांबायचे, ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.