करमणुकीचा वार

मराठी रंगभूमीच्या इतिहासात सनावळ्या भरपूर आहेत. नाटकाचे पहिले प्रयोग, चित्रपटांचे उद्‌घाटनाचे खेळ, सगळे तारखेनिशी नोंदलेले. पण त्या तारखेला वार कोणता होता, हे फारसे कोणी पाहत नाही. मला मात्र वारच महत्त्वाचा वाटतो. तारीख शाहू-फुल्यांपासून तुमच्याआमच्यापर्यंत सर्वांना सारखीच असते. वार तसा नसतो. कोणाला कोणत्या वारी काम सोडून बसता येते, यावर शहराची करमणूक ठरते.

वार काढायला फार विद्या लागत नाही. साध्या वर्षात बावन्न आठवडे आणि एक दिवस, म्हणून दरवर्षी वार एकाने पुढे सरकतो, लीप वर्षात दोनाने. कागद-पेन्सिल पुरते. मी प्रसिद्ध तारखा एकेक करून तपासत गेलो.

'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात 31 ऑक्टोबर 1880 रोजी झाला. वार रविवार. 'मानापमान' मुंबईत 12 मार्च 1911 ला. रविवार. याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरी ते रात्री रंगमंचावर उभे राहिले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. जाहीर झालेला रविवारचा खेळ मोडणे किती अवघड होते, हेही त्यातून कळते. 'स्वयंवर' 10 डिसेंबर 1916, रविवार. 'आंधळ्यांची शाळा' 1 जुलै 1933, शनिवार. 'कट्यार काळजात घुसली' 24 डिसेंबर 1967, पुन्हा रविवार. 'घाशीराम कोतवाल' 16 डिसेंबर 1972, शनिवार. 'नटसम्राट' 23 डिसेंबर 1970, बुधवार.

हा बुधवार खटकेल, पण तोही परंपरेतलाच आहे. जुन्या नाटक मंडळ्यांचे खेळाचे ठरलेले वार तीन: बुधवार, शनिवार, रविवार. शनिवारी रात्री सुरू झालेले संगीत नाटक 'वन्स मोअर' घेत पहाटेपर्यंत चालले तरी बिघडत नसे. दुसऱ्या दिवशी कचेरी बंद. बुधवार हा आठवड्याच्या मधला विसावा, शिवाय मुक्कामाचा खर्च भागवायला तिसरा खेळ हवाच.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. 5 नोव्हेंबर 1843 ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तोही हिशेबाने रविवारच निघतो. पण तो खेळ चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने झाला. राजाच्या दरबाराला सुट्टी लागत नाही, म्हणून हा रविवार मी योगायोग समजतो. उलट 'एकच प्याला' 20 फेब्रुवारी 1919 ला, गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, बडोद्यात झाला तो गुरुवारी. बडोदे सयाजीरावांचे, आणि गंधर्व मंडळीला त्यांचा आश्रय. माझा तर्क असा की राजाश्रय असेल तिथे कोणताही वार चालतो. तिकीट काढून येणाऱ्यांवर पोट असेल तर त्यांच्या सुट्टीचा वार धरावा लागतो. दरबारातून तिकिटाच्या खिडकीकडे झालेला रंगभूमीचा प्रवास असा वारांतही दिसतो.

मग 1880 साली रविवार होता कोणाचा? सरकारी कचेऱ्यांतल्या कारकुनांचा, शाळामास्तरांचा, विद्यार्थ्यांचा. खुद्द अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी नोकरीत होते. लेखणीवाल्यांना मिळालेला हा रविवार हातांनी राबणाऱ्यांना नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत माणसे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभी असत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यात दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्या मागणीत मांडला गेला असे सांगतात. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. साहेब रविवारी चर्चला जाई. लोखंड्यांनी त्याच वाराला जेजुरीचा भंडारा लावला.

नाटकाच्या इतिहासात हे आंदोलन सहसा येत नाही. यायला हवे. त्या एका सुट्टीने हजारो माणसांना आठवड्यातला एक दिवस स्वतःचा मिळाला. मुंबईत तमाशाचे फड, शाहिरी, भजनी मंडळे, पुढे कामगार रंगभूमी यांना जो प्रेक्षक लाभला, त्याच्या खिशात पैसा थोडा असला तरी हातात रविवार होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि गिरण्यांबरोबर तो रविवारही गेला. बेकार माणसाला सातही वार सारखे.

सिनेमाने हीच वाट धरली. 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे दाखवली गेली तो मंगळवार. एक रुपया देऊन येणाऱ्या त्या प्रेक्षकाला वाराची पर्वा नव्हती. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला लोकांपुढे आणला तो शनिवारी. 'आलम आरा' 14 मार्च 1931, शनिवार. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' 6 फेब्रुवारी 1932, शनिवार. पुढे शुक्रवार रूढ झाला: 'मुगल-ए-आझम' 5 ऑगस्ट 1960, 'शोले' 15 ऑगस्ट 1975. शनिवार-रविवारच्या गर्दीआधी एक दिवस गावभर बोलबाला व्हावा, एवढेच त्यामागचे गणित.

आता आमच्याकडचे पाहा. आमचे कडा नगर-जामखेड रस्त्यावरचे, आष्टी तालुक्यातले. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा. निजामी कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारची, आणि पलीकडे नगर जिल्ह्यात इंग्रजांचा रविवार. काही कोसांच्या अंतरात आठवडा बदलत असे! शेतकऱ्याला मात्र दोन्हींशी घेणेदेणे नव्हते. त्याचा वार एकच, बाजाराचा. आणि करमणूक वारावर नव्हे, तिथीवर. मढीला कानिफनाथांची यात्रा रंगपंचमीची, सावरगावला मायंबाची पाडव्याची. गावोगावचे सप्ताह तिथीने बसतात आणि काल्याच्या कीर्तनाने उठतात. तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत फिरतो. नारायणगावच्या राहुट्यांत पुढारी सुपारी घेऊन बसतात ते गावाच्या यात्रेची तिथी सांगत. तिथी बुधवारी आली काय नि सोमवारी आली काय, गाव त्या रात्री जागतेच.

म्हणून 'खेड्यात कला नव्हती, शहरातून आली' हे वाक्य वाचले की माझे डोके फिरते. खेड्यात आठवड्याचा कार्यक्रम नव्हता, इतकेच खरे. शहरात दर रविवारी थोडे थोडे मिळते. आमच्याकडे पीक निघाल्यावर एकदम रात्रंदिवस. अलीकडे ही घडीही विस्कटते आहे. नोकरीला बाहेरगावी गेलेली पोरे यात्रेला येतात ती रविवार जोडून आली तरच. तिथीवर वाराने असा हळूहळू ताबा घेतला.

सरकारी नोकरांना राज्यात पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून मिळाला, तो दिवसही शनिवारच. आता नाट्यगृहांना दोन भरगच्च दिवस मिळणार असे वाटत होते, तोच महिन्याच्या आत टाळेबंदीने सगळी दारे बंद झाली.

आमच्याकडे 23 सप्टेंबर 2022 ला रेल्वे आली. नगर ते नवीन आष्टी, वाटेत कडा स्थानक. कैक वर्षे वाट पाहिलेली गाडी. नगरला जाऊन नाटक पाहून यावे असे ज्यांच्या मनात होते, त्यांनी वेळापत्रक उघडले. सुरुवातीच्या त्या वेळापत्रकात गाडी आठवड्यातून सहा दिवस होती, रविवार वगळून.