हृदयपट्टी, मूलपेशीजन्य

मूलपेशींपासून (स्टेम सेल) प्रयोगशाळेत वाढवलेला हृदयस्नायूचा जिवंत तुकडा. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या हृदयावर तो शस्त्रक्रियेने बसवतात. उपचार अजून प्रामुख्याने चाचणीच्या टप्प्यात आहे.

मोठ्या हृदयविकाराच्या झटक्यात सुमारे एक अब्ज स्नायूपेशी मरू शकतात. प्रौढ हृदयात वर्षाकाठी जेमतेम एक टक्का पेशी नव्याने तयार होतात. त्यामुळे मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण उरतो. औषधांनी हृदयावरचा भार हलका होतो, गेलेला स्नायू परत येत नाही. प्रत्यारोपणासाठी दात्यांची हृदये नेहमीच अपुरी पडतात.

शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचापेशींपासून बहुक्षम (आयपीएस) पेशी घडवल्या आणि हवा तेवढा हृदयस्नायू तयार करण्याची वाट खुली झाली. जपानमध्ये ओसाका विद्यापीठातील योशिकी सावा यांच्या गटाने जानेवारी २०२० मध्ये अशा पेशींचा पातळ थर प्रथमच रुग्णाच्या हृदयावर बसवला. या थराचा भर पेशींतून स्रवणाऱ्या, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणाऱ्या द्रव्यांवर आहे.

जर्मनीतील ग्योटिंगेन येथील वोल्फ्राम-हुबर्टस झिमरमान यांचा प्रयत्न याहून धाडसी आहे. हृदयस्नायूपेशी आणि संयोजी ऊतींच्या पेशी कोलॅजनमध्ये मिसळून त्यांनी स्वतः आकुंचन पावणारी पट्टी बनवली. ऱ्हीसस माकडांत ती सहा महिन्यांपर्यंत टिकली आणि हृदयाची भिंत जाड झाली; पेशी नुसत्या टोचल्यावर आढळणारी धोकादायक अनियमित धडधड किंवा गाठी दिसल्या नाहीत. चाळीस कोटी पेशींची पट्टी बसवलेल्या एका रुग्ण महिलेचे तीन महिन्यांनी हृदयप्रत्यारोपण झाले. काढलेल्या हृदयावर पट्टी जिवंत होती आणि तिच्यात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. हे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आले. माणसाच्या हृदयात पट्टी रुजते याचा हा मोलाचा पुरावा आहे. रुग्ण जास्त जगतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पेशी परक्या असल्याने प्रतिकारशक्ती दडपणारी औषधेही घ्यावी लागतात.

अशा उपचारांना मान्यता देण्यातल्या घाईचा अनुभव जपानला आहे. मांडीच्या स्नायूपेशींच्या ‘हार्टशीट’ला तिथे २०१५ मध्ये सशर्त मान्यता मिळाली होती, परिणामकारकता सिद्ध न झाल्याने २०२४ मध्ये ती कायम झाली नाही.

हृदयासाठी पैसे घेऊन मूलपेशी-उपचार देऊ करणाऱ्यांपासून रुग्णांनी दूर राहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा उपचार करणे हा वैद्यकीय गैरव्यवहार आहे.