सरळ रांगेंतील अक्षरें

यंत्रें कालांतरानें अडगळींत जातात, परंतु त्यांनीं माणसाच्या हातास लावलेलें वळण मागें राहतें. टंकलेखनाच्या यंत्राचा इतिहास या गोष्टीचा उत्तम दाखला होय. आजच्या संगणकाचा कळफलक कोणीहि निरखून पाहावा. त्यांतील खालची रांग वरच्या रांगेच्या नेमकी खालीं नसून थोडी उजवीकडे सरकलेली आढळेल. हें तिरकेपण आलें कोठून, आणि तें मराठी लिहिणाऱ्याच्या वांट्यास कां आलें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं ख्रिस्तोफर शोल्स व त्याचे सहकारी यांनीं १८६८ सालीं आपल्या टंकयंत्राचें पेटंट मिळविलें. पुढें रेमिंग्टन कंपनीनें तें तयार केलें व १८७४ सालीं तें विक्रीस आलें. अशा यंत्रांत प्रत्येक कळीस खालून एक दांडी जोडलेली असे. कळ दाबली कीं दांडी हाले, आणि तिच्या ओढीनें अक्षराचा ठसा कागदावर आपटे. चार रांगांच्या दांड्या एकमेकींस न अडतां शेजारून जाव्यात, म्हणून रांगा किंचित् सरकवून मांडाव्या लागल्या. तिरकेपणाचें मूळ हें असें लोखंडाच्या सोयींत आहे. बोटांच्या सोयीशीं त्याचा संबंध नाहीं.

हाच सांचा देवनागरीस मिळाला. इंग्रजीचें काम सव्वीस अक्षरांवर भागतें. मराठीस स्वर हवेत, व्यंजनें हवींत, काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरांसाठीं अर्धीं अक्षरेंहि हवींत. जागा अपुरी म्हणून तडजोडी कराव्या लागल्या. रेमिंग्टनच्या प्रचलित मांडणींत सबंध ‘ख’ला कळ नाहीं, आधीं अर्धा ‘ख्’ उमटवावा व मग त्यास काना द्यावा. ‘घ’, ‘थ’, ‘ध’, ‘भ’ यांचीहि तीच गत. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधींच मारावी लागते, कारण यंत्रास उच्चार कळत नाहीं, केवळ कागदावरची जागा कळते.

तरीहि या यंत्रानें महाराष्ट्राची मोठी सेवा केली. गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं देशी टंकयंत्र तयार केलें. १९६४ सालीं राजभाषेचा अधिनियम झाला आणि सरकारी कारभारांत मराठीचा अधिकार कायद्यानें मान्य झाला. भीमाकांठच्या वडगाव रासाईसारख्या खेड्यांतील शेतकऱ्याचें गाऱ्हाणें त्याच्याच भाषेंत, स्वच्छ टंकलिखित होऊन शिरूरच्या कचेरींत जाऊं शकलें, याचें कांहीं श्रेय या खडखडणाऱ्या यंत्रास द्यावयास हवें. सातारा जिल्ह्यांतील शिरवळ येथें गोदरेजचीं टंकयंत्रें तयार होत. तें उत्पादन २००९ सालीं थांबलें. यंत्र गेलें, पण तिरक्या रांगा संगणकावर तशाच उतरल्या. वस्तुतः संगणकाच्या कळीखालीं दांडी नसून केवळ विजेची जोडणी असते.

दरम्यान अक्षरांच्या क्रमाचा विचार मात्र नव्यानें झाला होता. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागानें १९८६ सालीं ‘इनस्क्रिप्ट’ नांवाची मांडणी सिद्ध केली. १९८८ सालीं ती सुधारली, व १९९१ सालीं तिचा राष्ट्रीय मानकांत समावेश झाला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें तिचा प्रसार केला. या मांडणींत स्वर डाव्या हातास व बहुतेक व्यंजनें उजव्या हातास आहेत. मधल्या रांगेंत ‘प, र, क, त, च, ट’ आणि त्यांच्या वर अनुक्रमें ‘ब, ह, ग, द, ज, ड’. शिफ्टची कळ धरली कीं ‘क’चा ‘ख’ व ‘ग’चा ‘घ’ होतो. म्हणजे कवर्गाचीं चार अक्षरें दोन कळींत मावतात आणि त्या दोन कळी एकीवर एक बसतात. आपल्या पूर्वजांनीं उच्चाराचें स्थान पाहून वर्णमालेचे जे वर्ग पाडले, त्यांची ही आठवण आहे. परंतु फलक तिरका असल्यामुळें ‘ग’ हा ‘क’च्या डोक्यावर न बसतां थोडा डावीकडे कलतो.

अलीकडे कांहीं हौशी कारागिरांनीं हें तिरकेपण काढून टाकलेले छोटे कळफलक बनविले आहेत. त्यांना ‘ऑर्थोलिनियर’ म्हणतात. त्यांच्या एका प्रसिद्ध नमुन्यांत चार ओळी व बारा स्तंभ, अशीं बुद्धिबळाच्या पटासारखीं अठ्ठेचाळीस घरें असतात. प्रत्येक कळीखालीं स्वतंत्र स्विच व स्प्रिंग असते. त्यावर इनस्क्रिप्ट चालविली कीं ‘क’वर ‘ग’, ‘त’वर ‘द’, ‘च’वर ‘ज’ सरळ ओळंब्यांत येतात. मात्र तिरक्या फलकाची संवय झालेला हात आरंभीं फसतो. विशेषतः खालच्या रांगेंत ‘म’ उमटवूं जावें तर शेजारचा ‘न’ उमटतो. कारण तेथील तिरकेपण सर्वांत अधिक होतें.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. हीं अठ्ठेचाळीस घरें इंग्रजीच्या मापानें कापलेलीं आहेत. त्यांत ‘ट’ आहे, परंतु त्यावरचा ‘ड’ नाहीं. ती जागा खोडण्याच्या कळीनें घेतली आहे. अंकांची रांग तर मुळींच नाहीं. नाहींशीं झालेलीं अक्षरें एक विशेष कळ धरून दुसऱ्या ‘थरा’तून काढावीं लागतात. ‘वडगाव रासाई’ हें नांव लिहूं जाणारा माणूस दुसऱ्याच अक्षरावर अडतो!

परंतु येथें इतिहासाचें पान उलटलेलें दिसतें. जुन्या यंत्रांत कळ बदलणें म्हणजे लोखंड कापणें होतें. या फलकाची मांडणी संगणकावरून बदलतां येते, आणि ती त्याच्याच स्मृतींत राहते. खोडण्याची कळ थरांत धाडावी व तिच्या जागीं ‘ड’ बसवावा, कीं तो ‘ट’च्या बरोबर वर येतो. मराठीस इतके दिवस परक्या यंत्राच्या सोयीप्रमाणें वागावें लागलें. आतां यंत्रास मराठीच्या सोयीप्रमाणें वागवितां येतें, आणि तें कोणा कारखानदाराची वाट न पाहतां. असा बदल केलेल्या फलकावर ‘वडगाव’ पांच कळींत लिहून होतो: व, ड, ग, काना, व.