हवेतलं गायरान

मायक्रोवेव्हमध्ये वरण गरम करायला ठेवा, कानात ब्लूटूथचे इयरबड्स घाला आणि ओव्हनच्या जवळ उभे राहा. बऱ्याचदा गाणं मधेच अडखळतं. बिघाड कशातच नसतो. ओव्हन आणि इयरबड्स एकाच जागेत नांदत असतात, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींच्या पट्ट्यात. घरातल्या वायफायचा एक पायही तिथेच असतो. इतकी मंडळी एकाच खोलीत कशी कोंबली गेली, ही गोष्ट मजेदार आहे. आणि ती प्रयोगशाळेइतकीच सरकारी कागदांवर घडली आहे.

आधी आपल्या आजोबांच्या काळात जाऊ. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागायचा. प्रक्षेपण राहू दे, साध्या रेडिओवर गाणी ऐकायची तरी पोस्टातून परवाना काढायचा आणि दरवर्षी फी भरायची. घरात जुनी ट्रंक असेल तर उघडून बघा, परवान्याचं तिकिटं चिकटवलेलं पुस्तक कदाचित अजून सापडेल. ही पद्धत बंद व्हायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

आज हे हास्यास्पद वाटतं, पण परवान्यामागे एक खरी अडचणही होती. दोघे एकाच लहरीवर बोलू लागले की कोणाचंच धड ऐकू येत नाही. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर अमेरिकेनेही कायदा करून प्रक्षेपणासाठी परवाना सक्तीचा केला. मग जगभर हीच रीत पडली: लहरींचे तुकडे पाडायचे, जमिनीच्या सातबाऱ्यासारखी प्रत्येक तुकड्यावर कोणाची तरी नोंद करायची आणि बाकीच्यांना कुंपणाबाहेर ठेवायचं.

या नकाशात काही पडीक तुकडेही होते. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी इथे आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषद भरली. उद्योग, विज्ञान आणि वैद्यकातली काही यंत्रं संदेश पाठवत नाहीत, पण लहरींचा गोंगाट मात्र करतात. अशा यंत्रांसाठी तिथे काही पट्टे बाजूला काढले गेले. २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यांतलाच. त्याच सुमाराला रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सरचा मायक्रोवेव्ह ओव्हन बाजारात येत होता. ओव्हन किरकिर करणार, मग त्या पट्ट्यात दुसरं कोण राहायला जाणार? अभियंते अशा पट्ट्यांना कचरापट्टी म्हणत.

हीच कचरापट्टी पुढे सोन्याची ठरली. अमेरिकेच्या एफसीसी या नियामक आयोगात मायकेल मार्कस नावाचा अभियंता होता. ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ हे तंत्र तोवर प्रामुख्याने लष्कराकडे होतं. त्यात संदेश एकाच लहरीवर न पाठवता रुंद पट्ट्यावर पसरतात, किंवा ठरलेल्या क्रमाने एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारत पाठवतात. उड्यांच्या या कल्पनेचं एक पेटंट १९४२ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळालं होतं. मार्कसचं म्हणणं असं की, हे तंत्र सामान्य लोकांनाही वापरू द्या. पण आपल्या पट्ट्यात उपरे नकोत, असा जुन्या परवानाधारकांचा सूर होता. मग उरली कोणालाच नको असलेली कचरापट्टी. ९ मे १९८५ रोजी एफसीसीने २.४ गिगाहर्ट्झसह तीन पट्टे एक वॉटपर्यंतच्या अशा उपकरणांसाठी परवान्याशिवाय खुले केले.

अटी दोनच, पण महत्त्वाच्या. दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही. आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. गावच्या गायरानाचा नियमही साधारण असाच. गाय कोणाचीही चरू दे, पण ‘हे माझं’ म्हणून कुंपण घालायचं नाही.

वायफायचं पहिलं मानक १९९७ मध्ये आलं. ब्लूटूथ तर सेकंदाला १६०० उड्या मारतं, कारण गर्दीत वाट काढायला दुसरा उपाय नाही. ही उपकरणं काय करतील हे १९८५ मध्ये कोणालाच सांगता आलं नसतं. मुद्दा तोच आहे: सांगावं लागलं नाही. नवं काही करून बघण्याआधी कुठल्या साहेबाची सही घ्यावी लागली नाही.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या नियमांनी खुला झाला, म्हणजे अमेरिकेनंतर जवळपास वीस वर्षांनी. आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे घराबाहेरही मोकळेपणाने वापरायला २०१८ साल उजाडलं. मधल्या काळात, १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सांगितलं होतं की, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे.

सार्वजनिक म्हणजे नेमकं काय, यावरचा वाद मात्र अजून चालू आहे. ताजी लढाई ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची. मोबाइल कंपन्यांना तो आपल्या सेवेसाठी हवा आणि तंत्रज्ञान कंपन्यांना वायफायसाठी खुला. अमेरिकेने २०२० मध्ये १२०० मेगाहर्ट्झचा हा अख्खा पट्टा खुला केला. भारताने मे २०२५ मध्ये मसुदा काढला तो खालच्या ५०० मेगाहर्ट्झपुरता.

लिलावाची बाजू अगदीच पोकळ नाही. त्यातून सरकारी तिजोरीत पैसा येतो, आणि दूरवर अखंड सेवा द्यायची तर कंपनीला स्वतःची राखीव लहर लागते. पण लिलावात किंमत लागते ती माहीत असलेल्या वापराची. अजून न सुचलेल्या वापरासाठी बोली लावायला कोणी येत नाही. १९८५ मध्ये त्या कचरापट्टीचा लिलाव झाला असता, तर ती बहुधा कवडीमोलाने गेली असती आणि कुंपणात पडून राहिली असती.

तेव्हा पुढच्या वेळी स्पेक्ट्रमच्या लिलावाची बातमी वाचाल, तेव्हा किती हजार कोटी आले हे जरूर बघा. पण खुलं किती ठेवलं, तेही शोधा. तो आकडा सहसा मथळ्यात येत नाही.