मोरगावची मुलगी आणि अंगणातली शाळा

मोरगाव म्हटले की मयूरेश्वर आठवतो. बारामती तालुक्यातल्या याच गावी १७ मार्च १९१० रोजी अनुताई वाघ यांचा जन्म झाला, हे मात्र बालशिक्षणाच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी सांगत नाही. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य, ही त्या काळातल्या असंख्य मुलींची कहाणी. अनुताईंच्या बाबतीत ती तिथेच संपली नाही, कारण घरच्यांनी त्यांना शिकू दिले. पुढे त्या शिक्षिका झाल्या. काही वर्षे चांदवडला आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी शिकवले. १९४५ साली बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाई मोडक भेटल्या आणि स्थिरस्थावर नोकरी सोडून अनुताई बोर्डीला गेल्या. तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या आणि ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या.

ताराबाईंच्या मागे तोवर दोन दशकांचे काम उभे होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी माँटेसरी पद्धत हाताळली होती, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत त्या होत्या आणि १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला होता. दादरची बालशाळा उत्तमच होती. पण तिथे येणारे मूल आंघोळ करून, वेणीफणी होऊन, गोष्टी ऐकत वाढलेले असे. (मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये पहिले बालगृह उघडले ते रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, हे आपल्याकडच्या माँटेसरी शाळांच्या फलकांवरून कोणाच्या लक्षातही येणार नाही.) महागडी साधने, ठरलेली वेळ आणि नीटनेटकी खोली हेच पद्धतीचे सार मानले, तर गरिबाचे मूल आपोआपच बाहेर राहते. ताराबाई बोर्डीला गेल्या त्या हा प्रश्न घेऊन.

तिथे पहिला धडा मिळाला तो शिक्षिकांनाच. बालवाडी उघडली तरी पाड्यावरची मुले येईनात. आईबाप मजुरीला जात, मोठे भावंड धाकट्याला कडेवर घेऊन फिरे, कोणी गुरांमागे जाई. अशा वेळी पालकांच्या अनास्थेला बोल लावणे सोपे असते, आणि आजही अनेक अहवाल तेच करतात. ताराबाई-अनुताईंनी दोष शाळेच्या रचनेत शोधला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या साध्या तर्कातून ‘अंगणवाडी’ निघाली: वस्तू आणि शब्द, दोन्ही. शिक्षिका पाड्यावर जात, मुलांना जमवत, आंघोळ घालत, केस विंचरत आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. साधने म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पाने. रंग, आकार, लहानमोठे, कमीजास्त हे सारे त्यातून शिकवता येई; शिवाय त्या वस्तू मुलाच्या ओळखीच्या असत.

१९५७ मध्ये संस्था कोसबाडच्या टेकडीवर हलली आणि प्रयोगाला विस्तार मिळाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आल्या. धाकट्या भावंडाला सांभाळायची सोय झाली की थोरली बहीण वर्गात बसू शकते. तिच्या प्रगतीचे कारण पाठ्यक्रमात नव्हते, शेजारच्या पाळण्यात होते. गुराख्यांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. गुरे चरतात तिथे शिक्षक जाई. अध्यापन सुधारणे याचा अर्थ पाठ अधिक आकर्षक करणे इतकाच नसून मूल आणि पाठ यांच्यामधला एकेक अडथळा ओळखून दूर करणे असा होतो, हे कोसबाडइतके स्पष्टपणे मराठी मुलखात क्वचितच कुठे दिसले असेल.

अनुताईंच्या आत्मकथनाचे नाव ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा अभ्यास करताना आपण वैधव्य, बंड, कुटुंब यांच्या अंगाने वाचतो. या पुस्तकाच्या शीर्षकात ‘मी’ नाही. एक जागा आहे आणि तिथून पाहणे आहे. या अंगाने त्याची दखल समीक्षेने अधिक घ्यायला हवी होती असे मला वाटते. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा मराठी शब्द देशभर गेला. योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि नोंदवह्या सांभाळणाऱ्या सेविकेच्या वाट्याला शिकवायला किती वेळ उरतो, हे कोणत्याही गावात जाऊन पाहावे. आणि अंगणवाडी आता बहुधा एक खोली असते. मुलाने तिथे यायचे असते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा फरक गळिताच्या हंगामात डोळ्यांत भरतो. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. आईबाप पहाटे फडात जातात. कोपीपाशी थोरली बहीण धाकट्याला सांभाळत बसते, आणि दोघांची नावे शेकडो किलोमीटरवरच्या गावातल्या पटावर असतात. मोरगाव तिथून फार दूर नाही.