ब्लूजसाठी पहिली गिटार : रंगरूपाआधी तारांची उंची पाहा

प्रतिनिधी, अहिल्यानगर

दहावी-बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत गिटारचा हट्ट सुरू होतो. चार-पाच हजारांची गिटार घरी येते, पंधरा दिवस उत्साहाने वाजते आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जाते. ‘मुलाला मुळात आवडच नव्हती’ असा निष्कर्ष घरातली मंडळी काढतात. पुष्कळदा दोष आवडीचा नसतो, वाद्याचा असतो. तारा पडद्यांपासून इतक्या उंच असतात की बोटे सोलून निघतात आणि सूर मात्र लागत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीची पहिली गिटारही अशीच होती. चकाकता लाल रंग पाहून घेतलेली ती गिटार आठव्या पडद्यापुढे दाबणेच अशक्य होते, हे कळायला वर्ष गेले आणि तोवर शिकणे सुटले होते.

ज्याला ब्लूज शिकायचे आहे त्याची अडचण तर अधिक मोठी असते, कारण या संगीताचा जीवच तार ओढण्यात आहे. म्हणूनच हाती असलेले पैसे रंगरूपावर किंवा सोबत मिळणाऱ्या वस्तूंवर खर्च न करता, तारा सहज दबतील आणि सुरात राहतील अशा वाद्यावर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

नगरचा गिटारशी संबंध

गिटारचे सूर या जिल्ह्याला नवे नाहीत. शहराजवळच्या अरणगाव येथील मेहेराबादला दरवर्षी ३१ जानेवारीस अमरतिथीसाठी देशोदेशीचे मेहेरप्रेमी येतात, आणि तिथे भजनांच्या जोडीला गिटारवरची इंग्रजी गाणीही ऐकू येतात. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड हा मेहेरबाबांचा अनुयायी. या बँडच्या १९७१ मधील ‘बाबा ओरायली’ या प्रसिद्ध गाण्याच्या नावातले ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबाच. साठच्या दशकात उदयाला आलेल्या बहुतेक ब्रिटिश रॉक बँडांप्रमाणे ‘द हू’चे मूळही अमेरिकेतील ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या संगीतात होते. रॉक ऐकून गिटारकडे वळलेला तरुण मागे मागे जात राहिला, तर तो अखेर ब्लूजपाशीच पोहोचतो.

गरिबांच्या वाद्यावर जन्मलेले संगीत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागात, कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय समाजात ब्लूज आकाराला आले. महागडी वाद्ये तिथे कुणाकडेच नव्हती. अनेक मुले भिंतीवर किंवा फळीवर खिळे ठोकून एकच तार ताणत आणि तिच्यावर बाटली घासून सूर काढत. ‘डिडली बो’ या नावाने ओळखले जाणारे हे वाद्य आपल्या तुणतुण्याचे दूरचे भावंडच म्हणावे लागेल. मडी वॉटर्स या थोर गायक-वादकाने आपली पहिली गिटार, स्टेला नावाची, टपालाने माल पाठवणाऱ्या कंपनीकडून सुमारे अडीच डॉलरला मागवली होती. बडी गायची सुरुवात स्वतः बनवलेल्या दोन तारांच्या वाद्यावर झाली. मुंबईत २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्र ब्लूज महोत्सव झाला, तेव्हा तिथे वाजवणाऱ्यांत हाच बडी गाय होता.

तेव्हा स्वस्त गिटारवर ब्लूज शिकता येत नाही, हा समज चुकीचा आहे. स्वस्त वाद्य आणि बिघडलेले वाद्य यांतला फरक मात्र ओळखता आला पाहिजे.

ब्लूज वाद्याकडून काय मागते?

ब्लूजची चौकट सोपी आहे. चार मात्रांचा एक खंड असे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन, आणि त्यात फिरून फिरून येणारे तीन कॉर्ड. सुरांच्या बाबतीत शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ते फारसे परके वाटणार नाही. सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे पाच स्वर म्हणजे आपल्या धानी रागाचे स्वर. त्यांत तीव्र मध्यम मिसळला की ब्लूजची स्वरपंक्ती तयार होते.

परंतु ब्लूजचा खरा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी असतो. तो गिटारच्या कोणत्याही पडद्यावर सापडत नाही. सतारिया जशी तार ओढून मींड काढतो, तशी इथेही तार बोटाने बाजूला ओढून तो स्वर मिळवावा लागतो. यालाच गिटारवादक ‘बेंड’ म्हणतात. जाड, ताठ आणि उंच तारांवर नवशिक्याच्या बोटांना हे जमत नाही. गिटार निवडताना पाहायच्या बहुतेक गोष्टी या एका गरजेतून निघतात.

कोणता प्रकार घ्यावा?

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ लागते. पण तिची मान रुंद असते आणि तार ओढली तरी स्वर पुरेसा चढत नाही. ब्लूजसाठी ती टाळावी. जुन्या घरांत कधीकधी हवाईयन गिटार सापडते. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी पट्टी फिरवून वाजवण्यासाठी तिच्या तारा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात. पडद्यांवर बोटे दाबून शिकायला ती उपयोगाची नाही.

उरतात दोन पर्याय. पहिला, पोलादी तारांची अकूस्टिक गिटार. तिला वीज किंवा अॅम्प्लिफायर लागत नाही आणि एकट्याने गात वाजवण्याच्या ग्रामीण ब्लूजचे ते मूळ वाद्य आहे. मात्र नव्या अकूस्टिकवर बहुधा ‘बारा’च्या, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची असलेल्या तारा असतात. दुकानदाराला सांगून ‘दहा’चा किंवा ‘अकरा’चा संच बसवून घ्यावा. अकूस्टिकच्या संचातील तिसरी तार बहुधा गुंडाळलेली असते. ती ओढणे जड जाते, हे आधीच लक्षात घ्यावे.

दुसरा पर्याय इलेक्ट्रिक गिटारचा. तिच्यावर ‘नऊ’च्या किंवा ‘दहा’च्या तारा असतात, तिसरी तार साधी असते आणि तारांची उंचीही कमी ठेवता येते. शहरी ब्लूजमधील ओढलेले, रडवेले स्वर तिच्यावरच लवकर साधतात. खर्च मात्र वाढतो, कारण छोटा अॅम्प्लिफायर किंवा निदान हेडफोनला जोडायचे उपकरण वेगळे घ्यावे लागते.

किमतीचा अंदाज

किमती बदलत राहतात. तरी ढोबळ अंदाज असा. तीन-चार हजारांत पिशवी, पट्टा, कॅपो यांसह मिळणाऱ्या संचांत वाद्याच्या जुळणीकडे सर्वांत कमी लक्ष दिलेले असते. अशी गिटार घ्यायचीच झाली, तर ती दुकानात हाताळून घ्यावी आणि दुरुस्तीसाठी हजार रुपये बाजूला ठेवावेत. पाच ते आठ हजारांत कॅडेन्स, व्हॉल्ट यांसारख्या नावांची आणि यामाहाची एफ-२८० ही गिटार येते. यामाहाने २०१९ मध्ये तामिळनाडूत चेन्नईजवळ कारखाना सुरू केल्यापासून या गटात देशी बनावटीचा पर्यायही मिळाला आहे. दहा हजारांच्या आसपास यामाहाची एफ-३१० किंवा कोर्टची सुरुवातीची मॉडेल येतात. एफ-३१० च्या तारेची नटपासून सॅडलपर्यंतची लांबी ६३४ मिमी, म्हणजे नेहमीच्या ६५० मिमीपेक्षा थोडी कमी आहे. त्यामुळे तारांवरचा ताण किंचित कमी होतो आणि बेंडला मदत होते.

इलेक्ट्रिकमध्ये यामाहा पॅसिफिका ०१२, स्क्वायर सॉनिक आणि कोर्ट, आयबानेझ यांची प्राथमिक मॉडेल साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत मिळतात. घरगुती सरावाच्या अॅम्प्लिफायरसाठी आणखी चार ते आठ हजार धरावेत. एवढी तयारी नसेल, तर चांगली जुळवलेली अकूस्टिक घ्यावी; वाईट इलेक्ट्रिक संच घेऊ नये.

दुकानात करावयाच्या सहा चाचण्या

१. तीन जुनी एटीएम कार्डे एकावर एक ठेवावीत. त्यांची जाडी सुमारे सव्वादोन मिलिमीटर होते. बाराव्या पडद्यावर, सर्वांत जाड तारेखाली ती जेमतेम सरकली तर अकूस्टिकची उंची उत्तम आहे. चार कार्डे सैलपणे जात असतील तर तारा खाली घ्यायला सांगावे. पाच जात असतील तर ती गिटार सोडून द्यावी.

२. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे पेटीला मिळते त्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी. मधल्या भागात, सातव्या पडद्यापाशी, व्हिजिटिंग कार्डाएवढी फट दिसावी. फट फार मोठी असेल तर मान वाकली आहे. मानेत ट्रस रॉड, म्हणजे ती सरळ करणारा लोखंडी गज, आहे का हे विचारावे आणि त्याची चावी मागून घ्यावी.

३. सहाही तारा प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहाव्यात. कुठे खरखर येते का, कुठला स्वर मुका होतो का, हे ऐकावे.

४. मोबाइलवरील ट्यूनरने तार सुरात लावून तीच तार बाराव्या पडद्यावर दाबावी. बरोबर वरच्या सप्तकातला तोच स्वर आला पाहिजे. तो चढा किंवा उतरा येत असेल, तर वरच्या पडद्यांवर ती गिटार कायम बेसूर वाजेल.

५. दुसरी तार आठव्या पडद्यावर दाबून दहाव्या पडद्याच्या स्वरापर्यंत ओढावी. स्वर मध्येच गुदमरला तर ती गिटार ब्लूजच्या कामाची नाही. ओढून सोडल्यावर तार सुरातून उतरली, तर खुंट्या किंवा नट सदोष आहे. स्वतःला वाजवता येत नसेल तर एखाद्या जाणत्याला सोबत न्यावे.

६. मानेच्या कडेवरून तळवा फिरवावा. पडद्यांची टोके टोचता कामा नयेत. ब्रिज पेटीवरून उचलला गेलेला नाही, हेही पाहावे.

जुनी गिटार घेतानाही हेच निकष लावावेत. ऑनलाइन मागवल्यास परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी या सर्व चाचण्या घरी उरकाव्यात. तारांची उंची आणि मान जुळवून घेणे, ज्याला ‘सेटअप’ म्हणतात, ते काही शेकड्यांपासून हजार-दीड हजारांत होते. सहा हजारांची गिटार आणि हजाराचे सेटअप हा हिशेब सेटअपविना आठ हजारांच्या गिटारपेक्षा पुष्कळदा फायद्याचा ठरतो.

आपल्या हवेचा विचार

पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा अत्यंत कोरडी होते. अशा हवेत लाकूड आकसते. फिंगरबोर्ड आकसला की पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटांना लागू लागतात आणि अखंड लाकडाची वरची फळी तडकू शकते. पावसाळ्यात उलट होते. फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. म्हणून अखंड लाकडाची गिटार आवाजाला सरस असली, तरी पहिल्या खरेदीत पातळ थर चिकटवून केलेल्या लॅमिनेट फळीची गिटार अधिक सोयीची. ती हवेचे चढउतार बऱ्यापैकी सोसते.

गिटार भिंतीवर न टांगता पिशवीत ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत भोके पाडलेल्या साबणदाणीत पिळून घेतलेला ओला स्पंज घालून ती पिशवीत ठेवल्यास हवेतील कोरडेपणा कमी होतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत गिटार कधीही ठेवू नये. उष्णतेने सरस मऊ होऊन ब्रिज निघू शकतो.

नगरच्या दुकानांत मनाजोगता पर्याय मिळाला नाही, तर पुणे सुमारे १२० किलोमीटरवर आहे. मुंबईत धोबी तलावाला १८६५ पासून वाद्यांच्या व्यवसायात असलेले फुर्टाडोज आहे. कुठेही गेलात तरी पहिल्याच गिटारवर निर्णय घेऊ नये. एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटार काढायला सांगाव्यात, प्रत्येकीच्या तारांखाली ती तीन कार्डे सरकवून पाहावीत आणि जिच्यावर तार सर्वांत सहज ओढली जाते ती घ्यावी. रंग कोणता आहे, हे त्यानंतर पाहिले तरी चालेल.